गाठीला लागलेलं लोखंड

सगुणाबाई माही थोरली जाऊ. वाटूरला आमच्या दोन चुली एकाच अंगणात. कामाला वाघीण, पण बोलायला गरीब गाय. तिच्या जागी मी असते तर त्या वर्षी घरातली निम्मी भांडी फुटली असती.

सन अठ्ठ्याण्णव. तिचे मालक, म्हणजे माहे भाया रामकिसन, पोट धरून बसायचे. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचे. जालन्याला दाखवलं तर जठरात कॅन्सरची गाठ निघाली. सासूबाई गोजरबाई म्हणल्या, "गाठीला चाकूचं लोखंड लावू नका. लोखंड लागलं की ती खवळती अन् अंगभर पांगती." गावबी तेच म्हणायचं. एकटी सगुणाबाई अडून बसली, भायांना औरंगाबादेला नेलं अन् ऑपरेशन करून आणलं.

सहा महिन्यांनी भायांचे डोळे पिवळे झाले. रोग लिव्हरात गेल्ता. आता झालं, म्हातारीचं म्हणणं खरं ठरलं. "तूच लोखंड लावलं माह्या लेकराला," म्हणल्या अन् सगुणाबाईला बाजेजवळ फिरकू देईनात. पेज, पाणी, गोळी, सगळं म्हातारीच्या हातून. नवरा आत अन् बायको उंबऱ्यात टेकलेली. भायांना तोंड उघडायचीबी ताकद न्हवती. मी एकदा बोलले, तर माह्याशीबी अबोला. बोलून चालून सासूच ती.

दुखण्याच्या गोळ्या सरल्या, तव्हा बाई म्हणली, "आत्याबाई, एक डाव तुमी चला. ऑपरेशन केल्याल्या डॉक्टरीणबाईच्या तोंडून ऐका, मंग मला काय म्हणायचं ते म्हणा." म्हातारी कशी कोण जाणे, उठली. भायांजवळ माहे मालक बसले अन् आम्ही तिघी यष्टीनं निघालो. पार औरंगाबादेपर्यंत अंग नुसतं आंबून गेल्तं.

डॉक्टरीणबाईंचेबी डोळे थकल्याले होते. पण बसवून नीट सांगितलं. "आजी, शरीरातल्या पेशीला बाहेरून निरोप येतो, वाढ म्हणून. निरोप थांबला की वाढणं थांबतं. तुमच्या मुलाच्या जठरातल्या पेशी बिघडल्या. बाहेरून निरोप नसला तरी आतल्या आत हुकूम चालूच. पेशीतल्याच एका निरोप्यानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, वाढ, वाढ. त्याच हुकमानं पेशी शेजारचीला सोडते, रक्तात शिरते अन् लिव्हरमध्ये जाऊन घर करते."

"पण लोखंड लागल्यावरच ना?" म्हातारी म्हणली.

"नाही आजी. त्या पेशी ऑपरेशनच्या आधीच निघून गेल्या होत्या. इतक्या बारीक की फोटोत दिसल्या नाहीत. ऑपरेशन केलं नसतं तरी हेच झालं असतं. उलट मधले सहा महिने ते जेवू शकले, ते ऑपरेशनमुळं."

मला वाटलं, चला, सुटली बाई. माह्या तर जिभेवर आल्तं, आता बोला म्हणून. पण म्हातारी उठून चालाया लागली. बाहेर बाकड्यावर बसली अन् पदरात तोंड घालून रडाया लागली. लई येळानं म्हणली, "हिचा दोष न्हाई, लोखंडाचा न्हाई, कोणाचाच न्हाई. मंग मी राग कोणावर काढू गं? पोटचा गोळा चालला माहा. राग तरी राहू द्या की मला."

बाई खाली तिच्या पायाजवळ बसली. एवढी थकल्याली मी तिला कधी बघितली न्हवती. म्हणली, "माह्यावरच काढा आत्याबाई. मी काही म्हणणार न्हाई. पण त्यांना पेज मला पाजू द्या."

म्हातारीनं मान हलवली.

त्या दिवसापासून वाटी बाईच्या हातात आली. अठरा दिवस तिनं भायांना पाजलं. मंग भाया गेले अन् तिसऱ्याला सोयरे जमले, तव्हा म्हातारी सगळ्यांदेखत म्हणली, हिनंच लोखंड लावलं. मी उठणार होते. बाईनं माहा हात धरून मला खाली बसवलं.