मुकुट नसलेला कळप

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी विगिल चेनेट डोंगरावरच्या कुरणात गाईंच्या शेपट्यांना चिकटलेलं वाळलं शेण ब्रशने खरवडत होता. आज कळप खाली उतरायचा होता. उन्हाळा निर्विघ्न गेला तरच कळपाच्या पुढे चालणाऱ्या गाईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढवायचा, ही तिथली रीत. जुलैत विगिलची कालवड कड्यावरून पडून मेली. म्हणजे यंदा मुकुट नाही. यात विचारायचं काही नव्हतं.

तरीही बॅरन लेओपोल्डची जीप वर आली, मागे कापडी फुलांची टोपली घेऊन.

खोऱ्यात टेकडीवरचा किल्ला बॅरनचा, हॉटेल झालेली हवेली बॅरनची, आणि सीमेच्या रस्त्यावरची इटालियन लष्कराने सोडलेली बराकही आता त्याचीच. विगिलच्या बापाने हवेलीचं शेण काढलं होतं. खुद्द विगिलने सक्तीच्या लष्करी नोकरीत बराकीत इटालियन शिव्या खाल्ल्या होत्या. तिन्ही ठिकाणच्या माणसांना गाईचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. पण त्याचा गोठा हिमलोटात गेल्यापासून गाई हिवाळ्यात बराकीतल्या खेचरांच्या तबेल्यात राहत.

"विगिल, आज पाहुण्यांसाठी नव्याने सजवलेल्या बराकीचं उद्घाटन आहे. गाईला मुकुट घाल."

"कालवड मेलीय, साहेब."

"म्युनिकच्या पाहुण्यांना काय माहीत?"

"मग पाहुण्यांनाच घाला. डोकी रिकामीच आहेत त्यांची."

"तबेला हवाय ना तुला?" एवढं बोलून बॅरन टोपली ठेवून निघून गेला.

बायको नोटबुर्गा म्हणाली, "अहो, बर्फात गाई काय खिशात ठेवणार?"

"लुईसकडे नेतो."

"माझ्या भावाकडे? लग्नात सगळ्यांसमोर त्याला डुक्कर म्हणालात!"

"आता त्या डुकराच्या पाया पडतो."

टोपली तिथेच राहिली.

कळप बराकीपाशी आला तेव्हा बँड जोरात होता. पहिल्या गाईचं उघडं डोकं दिसताच म्हाताऱ्या ट्रॉम्बोनवाल्याने वाद्य खाली घेतलं. मग एकेक करत सगळे थांबले. गावकऱ्यांनी टोप्या काढल्या. हाही कार्यक्रमाचाच भाग समजून म्युनिकच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कुणाची मयत आहे का ही?" बॅरन दातओठ खात म्हणाला.

"हो, साहेब. कालवडीची," ट्रॉम्बोनवाला म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत तबेला रिकामा कर, विगिल!"

विगिलने तबेल्याची किल्ली खिशातून काढून बॅरनच्या समोरच्या हॅमच्या ताटात ठेवली. कळप थांबलाच नाही. नदीपलीकडे लुईसच्या शेतापर्यंत चालत गेला.

लुईस दारातच उभा होता. "काय रे, डुकराच्या घरी आज कशी वाट चुकलास?"

"चुकलो नाही. मागायला आलोय."

"काय म्हणालास? मोठ्याने बोल, शेजाऱ्यांना ऐकू येत नाही."

विगिल मोठ्याने बोलला. पलीकडच्या अंगणातली बाई हसली. नोटबुर्गाने जमिनीकडे पाहिलं.

"गाई आत घे," लुईस म्हणाला. "त्या तुझ्यासारख्या नाहीत. तू जरा बाहेरच थांब, मी विचार करतो."

शेवटची गाय आत गेल्यावर त्याने विगिललाही आत घेतलं आणि शेण ओढायचं खोरं हातात दिलं.

उद्या सकाळी साडेसहाला विगिलचं दूध न्यायला येणारा टँकर दर हिवाळ्यासारखा बराकीपाशी थांबणार नाही. तो पूल ओलांडून लुईसच्या फाटकाशी थांबेल.