मालकिणीचा वाटा

म्हैस मेल्याचं कार्ड आलं त्या दिवशी मी जेवले नाही. माणूस गेल्यासारखं काय करतेस, असं चाळीतल्या बायका म्हणाल्या. म्हणणारच. त्यांच्या पाटल्या त्यांच्या हातात होत्या, माझ्या म्हशीत गेल्या होत्या.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. आम्ही मुलुंडला राहत होतो. आमचे हे फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. पगार वीस तारखेपर्यंत कसाबसा तग धरायचा, पुढचे दहा दिवस माझ्या अकलेवर चालायचे. चाळीमागे मोकळं रान होतं, रानापलीकडे डोंगर, आणि पुरुषभर उंचीचं गवत नुसतं वाळून जायचं. मी भिवंडीपलीकडच्या खेड्यातली. चालायला लागले तीच गुरांच्या पायांतून. फुकटचं गवत वाया जाताना बघून मला चैन पडत नसे.

ताजी व्यालेली म्हैस घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं. पण तबेलेवाल्यांची एक रीत मला ठाऊक होती. म्हैस आटत आली की तिला शहरात पेंड घालून पोसणं त्यांना परवडत नाही. पुढच्या वेताची वाट न बघता ते तिला पडत्या भावात काढून टाकतात, आणि बहुतेक वेळा ती खाटकाकडेच जाते. मी हिशोब केला. तसली एक घ्यायची, आहे तेवढं दूध विकायचं, आटली की माहेरी भावाकडे पाठवायची, तिथे व्याली की परत आणायची. पाटल्या विकून मी दिवाळीच्या सुमाराला म्हैस आणली. कपाळावर पांढरी चांदी, डाव्या कानाला चीर, आणि स्वभावाने माझ्यासारखीच, म्हणजे लाथाळ. रेड्याला नुकतीच दाखवली आहे असं तबेलेवाला म्हणाला, आणि एवढ्या बाबतीत तरी तो खरं बोलला.

दोन वेळचं मिळून तीन शेर दूध. मी स्वतः घरोघर घालायची. पाण्याचा थेंब नसायचा, त्यामुळे गिऱ्हाईक हलत नसे. आमचे हे सुट्टीच्या दिवशी गवताचा भारा उचलू लागत. त्यांचं मला कौतुक वाटायचं, हे आता कबूल करते. शिमग्यानंतर म्हैस आटली. दादा, माझा थोरला भाऊ, स्वतः येऊन तिला घेऊन गेला. अर्धलीने ठरलं होतं. म्हणजे पोसायचं त्याने, म्हैस माझी, आणि होणाऱ्या रेडकात दोघांचा निम्मा निम्मा वाटा. सख्ख्या भावाशी काय लिहून घ्यायचं?

श्रावणात त्याचं कार्ड आलं. घटसर्पाने म्हैस गेली, गळा सुजला, दोन दिवसांत आटोपलं, पोटातल्या रेडकासकट बांधाला पुरली. अक्षर दादाचंच होतं. मी चुलीपुढे बसून रडले. ह्यांनी त्या दिवशी स्वतः चहा केला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या नशिबात नव्हतं ते. आता हा नाद सोड."

गणपती झाले आणि एका दुपारी माझ्या वहिनीची धाकटी बहीण दारात उभी राहिली. ती घाटकोपरला राहायची. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"बहिणीकडे गेले होते," ती म्हणाली. "तिने चीक दिला. एक वाटा मला, एक तुम्हाला. इथवर टिकायचा नाही म्हणून तिकडेच वाफवून आणला."

"कुणाच्या म्हशीचा गं?"

"हे काय विचारणं? तुमच्याच. पारडी झाली. ताई म्हणाली, मालकिणीचा वाटा आधी पोचव, मग तुझं तू बघ."

आमच्याकडे व्यालेल्या जनावराचा चीक कुणी विकत नाही. पहिला देवापुढे, दुसरा मालकाच्या घरी, मग गोतात. वहिनीने रीत पाळली होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. खोटं रचणाऱ्याने सगळं नीट जुळवलं, आजार शोधला, बांध शोधला, पण चीक त्याच्या डोक्यात आला नाही, कारण तो वाटणं हे बायकांचं काम.

त्या बाईला मी चहा पाजला, हसून बोलले. ती गेल्यावर डब्यासमोर बसले. दादाने केसाने गळा कापला होता. संताप येत होताच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. माझ्या माहेरचा माणूस चोर निघाला हे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून मी सांगितलंच नाही. संध्याकाळी खरवस ह्यांच्या ताटात वाढला आणि शेजारून आला म्हणून सांगितलं. त्यांनी दोन वड्या खाल्ल्या, वेलची जरा कमी पडली म्हणाले. दुसऱ्या दिवशी वहिनी आजारी असल्याचं निमित्त काढून मी मोटारीत बसले.

गोठ्यात शिरले तर म्हैस समोरच. चांदी, कानाची चीर, सगळं जागच्या जागी. पारडी ढुशा देत पीत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिने नेहमीप्रमाणे पाय झाडला. मला इतकं बरं वाटलं की मी रडायचीच विसरले.

दादा मागे येऊन उभा राहिला. घटसर्प कधी उतरला, असं मी विचारलं.

"मला वाटलं, तुला एव्हाना कळलं असेल," तो म्हणाला.

"कोण सांगणार?"

"अगं, दाजींनीच सांगितलं होतं तसं लिहायला. चैत्रात स्वतः आले होते. म्हणाले, म्हैस तुम्हीच ठेवा, फुकट ठेवा, पण परत पाठवू नका. ती मेली म्हटल्याशिवाय हिचं वेड जायचं नाही."

"आणि तू लिहिलंस."

"घरधनी सांगतो म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा?" आणि मग हळूच म्हणाला, "घरात लहान पोरं आहेत गं. दूध होतंच आहे, तर म्हटलं..."

कुंपणच शेत खातं हे ऐकलं होतं. इथे कुंपण आणि राखणदार दोघांनी मिळून खाल्लं होतं. चैत्रात हे कचेरीच्या कामाने नाशिकला जातो म्हणून गेले होते. मी दशम्या बांधून दिल्या होत्या.

वहिनीने एका शब्दाने अडवलं नाही. तिनेच दावं सोडून माझ्या हातात दिलं. अर्धलीप्रमाणे पारडीतला दादाचा वाटा वाजवी पैशांत मिटवेन असं तिला सांगितलं, आणि पुढे मिटवलाही. गावातल्या एका म्हाताऱ्या गुराख्याला सोबत घेतलं आणि आम्ही चालत निघालो. पारडी दमायची, थांबावं लागायचं. दोन दिवस लागले. ठाण्यातून जाताना लोक बघत होते. मला काहीच वाटत नव्हतं.

हे दारातच होते. म्हैस बघून त्यांचा चेहरा उतरला, पण नाकबूल काही केलं नाही. म्हणाले, "आमच्या साहेबांच्या इथल्या बिऱ्हाडी तू दूध घालायचीस. भर कचेरीत साहेब म्हणाले, तुमच्या मंडळींचं दूध फार छान हो. सगळे हसले. तेव्हापासून मला दूधवाला म्हणतात. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायचं."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. पण ते भांडण निदान तुमच्याशी झालं असतं. तुम्ही मला खोटं रडू दिलंत आणि वर पाठीवर हात ठेवलात."

दुसऱ्या दिवसापासून मी दूध घालायला लागले, पहिलं बिऱ्हाड साहेबांचंच. पुढे एकीच्या तीन झाल्या. घरात वाद राहिला नाही. हे पुन्हा भारे उचलू लागले, माझ्या आजारपणात धारही काढायला शिकले. वाईट माणूस नव्हता हो. लोक म्हणत, जोडा छान आहे, आणि वरून तो होताही.

सात-आठ वर्षांनी त्यांच्या गावाहून तार आली. त्यांनी ती उंबऱ्यातच फोडली. "आई गेली गं," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. माझ्या सासूने मला लेकीसारखं वागवलं होतं. मी पुढे झाले, त्यांच्या हातातून तार घेतली, उजेडाला धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि मगच रडले.

त्यांनी ते बघितलं.