तिसरं रेकॉर्डिंग

माझ्या हाताखाली शिकून गेलेले सर्जन आज ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरले आहेत, आणि एखाद्या लग्नात मी दिसले की जेवणाची रांग बदलतात. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर हॉलच सोडला असता.

एमएस होऊन, चार-पाच वर्षं स्वतः ऑपरेशनं करून, मग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात पक्का करायला हे लोक आमच्या ठाण्याच्या हॉस्पिटलात दोन वर्षांसाठी येतात. त्यांना फेलो म्हणतात. तिशी उलटलेली, संसार मांडलेली माणसं. त्यांच्यावर देखरेख ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी त्यांच्या कामाला पाचपैकी गुण द्यायचे, हे काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मी तीनच्या वर कधी गेले नाही. चार दिले की माणूस शिकायचा थांबतो, असं मी सांगत असे. खरं म्हणजे चार लिहायला माझा हातच धजावत नसे.

मूल्यमापनात एकजण रडला होता. मी त्याला ट्रेमधला गॉजचा बोळा दिला आणि म्हटलं, "डोळे पूस. आता हा निर्जंतुक राहिला नाही, तूही नाहीस. बाहेर जा." सगळे हसले. हसले नसते तर त्यांचे गुण कमी झाले असते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

माझी स्वतःची एक सवय आहे. दुर्बिणीतून पित्ताशय दिसलं की काम सुरू करण्याआधी पकडीच्या टोकाने त्याला दोन हलक्या टिचक्या मारायच्या. माझे सर मारायचे, म्हणून मी मारते. उपयोग काही नाही. फेलोंना मात्र मी ती लागू दिली नाही. कोणी चुकून टिचकी मारलीच तर मी म्हणायचे, "दार वाजवू नकोस, आत कोणी राहत नाही." त्यामुळे आमच्याकडे टिचक्या मारणारी मी एकटीच.

ती आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. मूळची कोकणातली, तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात पाच वर्षं काढलेली. फेलोच्या पगारात जमतं म्हणून दिवा स्टेशनाजवळ खोली घेतली होती. नवरा रत्नागिरीला नोकरीत, चार वर्षांची मुलगी कल्याणच्या पलीकडे विठ्ठलवाडीला आजीकडे. रविवारी ड्यूटी नसेल तरच मुलगी भेटायची. या सगळ्याची तिने कधी तक्रार केली नाही. मला हे दुसऱ्यांकडून कळलं, आणि कळल्यावर मी ते वापरलं. एका सकाळी ऑपरेशनआधी ती हात धूत होती तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दिव्याला पाणी नसेल, इथे आहे. कोपरापर्यंत धू." तिने कोपरापर्यंतच धुतले होते. तिने पुन्हा धुतले.

तिचा हात चांगला होता. घाई नाही, फुशारकी नाही. असा हात पाहिला की मला आनंद व्हायला हवा होता. मला राग यायचा. तो का, हे कळायला मला वेळ लागला.

दोन वर्षं संपत आली तेव्हा कल्याणच्या एका हॉस्पिटलने तिला बोलावलं. दुर्बिणीचा विभाग नव्याने सुरू होत होता आणि तो तिच्या हाती द्यायचा होता. अट एकच: जूनच्या आत फेलोशिपचं प्रमाणपत्र. तिने कल्याणला घर पाहून ठेवलं, मुलीसाठी तिथल्या शाळेत पहिलीचा प्रवेशही घेतला. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टरला ती सांगत होती, "आता रात्री ती माझ्याजवळ झोपेल." मी शेजारच्या खोलीत हातमोजे काढत होते, मला सगळं ऐकू आलं.

शेवटच्या मूल्यमापनाला तीन रेकॉर्डिंग दाखवावी लागतात. दोन नेहमीच्या शस्त्रक्रियांची आणि तिसरं अडचणीचं, म्हणजे आत काही बिघडलं तर कसं सावरलं ते दाखवणारं. काटछाट चालत नाही. पडद्यावर फक्त पोटाच्या आतलं दिसतं, हत्यारं कोणी धरलीत ते नाही. आवाज मात्र काढून टाकतात, कारण ओटीत आम्ही जे बोलतो ते बाहेरच्या माणसाने ऐकण्याजोगं नसतं. बाहेरचे परीक्षक म्हणून त्या दिवशी पुण्याकडचे एक वयस्कर सर्जन आले होते, हळू बोलणारे. ओटीची सिस्टर कागद लावत होती. फेलो पडद्याच्या बाजूला उभी होती.

पहिली दोन रेकॉर्डिंग झाली. परीक्षक मान डोलावत होते. मी दोन्हीला तीन दिले.

तिसरं सुरू झालं. पित्ताशय दिसलं, पकड पुढे आली आणि दोन टिचक्या पडल्या.

"बघा," मी म्हणाले, "दार वाजवलं. दोन वर्षं सांगतेय."

पुढे काम भरभर चाललं होतं, नको तेवढं भरभर. जिथे थर अलगद सोडवायचा तिथे ओढाताण. मी थांबले नाही. "हा हात कोथिंबीर निवडायलाही नको, देठंच शिजतील," मी म्हणाले. परीक्षक कसनुसं हसले. तेवढ्यात पडद्यावर रक्त आलं. कापायचा हुक आणखी एकदा चुकीच्या जागी लागला आणि रक्त वाढलं. "ही बाई कल्याणला विभाग चालवणार," मी म्हणाले. "कल्याणकरांनी काय पाप केलंय?"

मग पडद्यावरची दोन्ही हत्यारं मागे गेली. आत कोणीच नव्हतं. नुसतं रक्त साचत होतं. चित्र एकदा डचमळलं, कारण कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता. तेव्हा मी ओळखलं.

ती हत्यारं मी मागे घेतली होती.

सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. कल्याणच्या बाजारात कांदे-बटाटे विकणारी एक बाई, पित्ताशयात खडे. सुरुवात मी केली, कॅमेरा या फेलोच्या हातात. रक्त आलं तसा माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी दोन-तीनदा असं झालं होतं, मी कोणाला बोलले नव्हते. हत्यारं बाहेर काढली, म्हटलं, "बाजूच्या ओटीत बोलावलंय, तू बघ," आणि निघाले. बाजूच्या ओटीत कोणी बोलावलं नव्हतं. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले आणि चहा मागवला. चहा संपला तरी उठले नाही. शेवटी सिस्टर दारात आली आणि म्हणाली, "झालं मॅडम. रक्त थांबलं." त्या संध्याकाळी तिच्या लॉगबुकात मी स्वतःहून 'स्वतंत्रपणे केली' या रकान्यात सही केली. तोंड बंद ठेवण्याची ती किंमत होती. तिला ती शाबासकी वाटली असावी. शस्त्रक्रियेच्या नोंदीत मी रक्तस्रावाचा उल्लेखही केला नाही. बाई चौथ्या दिवशी चालत घरी गेली. जाताना माझ्या पाया पडली.

आतून सगळी पोटं सारखीच दिसतात, आणि जी विसरायची असतात ती माणूस लवकर विसरतो. मी विसरले होते. ती विसरली नव्हती. तिने दोन वर्षांतलं आपलं सगळ्यात चांगलं काम म्हणून तेच निवडलं होतं. मी ओळखेन, गप्प बसेन आणि मनातून कौतुक करेन, असं तिला वाटलं होतं. माझ्यावर एवढा विश्वास कोणी ठेवावा, हा शुद्ध मूर्खपणा होता.

पडद्यावर आता तिचे हात आले. तिने गॉज आत सोडला, दाबून धरला आणि थांबली. थांबता येणं हीच आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. मग हळूच गॉज उचलला, नेमकी रक्तवाहिनी शोधली, क्लिप लावली. एकही हालचाल जास्तीची नव्हती.

"रक्त छान थांबवलं," परीक्षक म्हणाले. "हा भाग पुन्हा बघावासा वाटतो."

तिथे मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "सर, आग लावणाऱ्यानेच विझवली तर टाळ्या वाजवायच्या का?"

परीक्षकांनी चष्मा काढला आणि तिला विचारलं, "नेमकं काय झालं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सिस्टरचे हात कागदांवर थांबले. मी टेबलाखाली उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला. तिने तोंड उघडलं असतं तर माझी ओटी त्याच दिवशी सुटली असती.

"घाई झाली, सर," ती म्हणाली.

कोणाची, ते तिने सांगितलं नाही. मी फॉर्म पुढे ओढला आणि लिहिलं: 'स्वतंत्र शस्त्रक्रियेस अद्याप अपात्र. आणखी सहा महिने देखरेखीखाली.' परीक्षकांना ते जास्त वाटलं. मी म्हटलं, "माझी फेलो आहे, मी ओळखते तिला." त्यांनी सही केली.

कल्याणच्या हॉस्पिटलने वाट पाहिली नाही. जागा दुसऱ्याला गेली, शाळेचा प्रवेश सोडावा लागला. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून ती फोनवर मुलीला समजावायची, "आजीकडेच गं, अजून थोडे दिवस. नाही, रविवारी नाही जमणार." पलीकडून रडणं ऐकू यायचं. मी वर जायला लिफ्ट घ्यायला लागले.

आठवड्याने सिस्टर माझ्या गाउनची गाठ बांधताना मागून म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी कॅमेरा नंतर मी धरलेला."

"मग? नीट धरलेलास ना?"

पुढच्या महिन्यात तिची बदली ड्रेसिंगच्या खोलीत झाली. अर्ज मी केला होता. वीस वर्षं ती ओटीत माझ्याबरोबर उभी होती.

त्या सहा महिन्यांत मी त्या फेलोशी जास्तच वाईट वागले. जिचं आपण वाईट केलं ती समोर रोज हात धुताना दिसावी, याची मला चीड यायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं. रक्त दिसलं की मी मात्र आता बिनदिक्कत म्हणायचे, "घे, तू कर, तुला सराव हवाय." हत्यारं तिच्या हातात द्यायचे आणि मागे उभी राहून चुका काढायचे. चुका नसायच्या, म्हणून तिच्या उभं राहण्यातल्या काढायचे. माझी थरथर कोणाला दिसली नाही ती तिच्यामुळे.

डिसेंबरात पुन्हा मूल्यमापन झालं. नियमाप्रमाणे परीक्षक नवे होते, सारखे घड्याळ बघणारे. तिने तीन रेकॉर्डिंग आणली होती. दोन नवी होती, उत्तम होती.

तिसरं सुरू झालं. पित्ताशय दिसलं, पकड पुढे आली. दोन टिचक्या.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पडद्यावर माझा हात भरभर चालला होता, ओढाताण करत होता. रक्त आलं, हुक पुन्हा चुकला. हत्यारं मागे गेली, चित्र डचमळलं. तेच रेकॉर्डिंग, एका सेकंदाचाही फरक नाही. ती पडद्याच्या बाजूला हात मागे बांधून उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती.

"सुरुवात जरा धसमुसळी," नवे परीक्षक म्हणाले. "पण सावरलंय काय सुंदर! तुमचं काय मत, मॅडम?"

"सुंदर," मी म्हणाले.

मी पाचपैकी चार लिहिले, आयुष्यात पहिल्यांदा. शेरा लिहायची जागा रिकामी ठेवता येत नाही. मी लिहिलं, 'लक्षणीय सुधारणा'. परीक्षकांनी न वाचता सही केली आणि ते चहा प्यायला बाहेर गेले.

फॉर्मवर शेवटची सही फेलोची असते. तिने कागद हातात घेतला, सगळा वाचला, शेऱ्यापाशी थांबली. मग पहिल्यांदाच माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो टेबलावर राहिला होता, लपवायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"सुधारणा कोणाची, मॅडम?" तिने विचारलं.

"सही कर," मी म्हणाले. "शिक्का खाली ऑफिसात मिळेल."