चार दगडांचं चित्र

शिरूरला आमच्या वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राच्या एक मॅडम राहतात. बोलता बोलता त्या खिडकीबाहेर बघतात आणि "अहो, ऊन पडलं!" म्हणत गच्चीकडे पळतात. लोखंडाच्या एका हिरवट क्षारात दुसरा लाल क्षार मिसळून त्या अंधारात कागदाला फासतात. कागद वाळला की त्यावर मेथीची काडी ठेवून तो उन्हात धरतात. ऊन लागेल तिथं पक्का निळा रंग धरतो, आणि सावलीतला क्षार पाण्यानं धुतला जाऊन पांढरी मेथी उरते. "लोखंड फार हळवं असतं हो," असं जावयाचं कौतुक करावं तसं त्या सांगतात.

परवा दौंडच्या शाळेत न्यायचे कागद त्यांनी जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत वाळत ठेवले होते. माझ्या सासूबाईंना ते ओले दिसले. त्यांनी ते पापडांसारखे गच्चीत मांडले आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले.

मॅडम धावत आल्या तोवर सगळे कागद वाया गेले होते. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वलं व्हतं ना बाई, म्हनून उनात घातलं," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी एक कागद पाण्याच्या बादलीत बुडवला. गर्द निळ्यावर चार पांढरे दगड उमटले. त्या खळखळून हसल्या. "आजी, झकास आलंय की!" म्हणाल्या, आणि नवे कागद फासायला गेल्या.

ते चित्र आता त्यांच्या बैठकीत टांगलंय. आणि सासूबाई घोडनदीच्या काठी गेल्या की दगड निवडत बसतात. "ह्यो न्हाई," म्हणतात, "ह्याची सावली चांगली पडायची न्हाई."