वासंतीआत्या आणि शाळेत न बोलणारी शारदा

माझी आत्या वासंती धर्माधिकारी १९६२ साली दुसरबीडच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. बुलढाण्याच्या कारकुनाची मुलगी एकटी खोली घेऊन राहते, याचंच गावाला नवल. त्याआधी तिने नागपूरला मुलांच्या मानसशास्त्राचं दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं. येताना रंगीत लाकडी ठोकळ्यांची पेटी आणली होती.

दोन वर्षांनी तिच्या तिसरीच्या वर्गात शारदा आली. दयाराम आणि सत्यभामाबाई या माळी जोडप्याची ही आठ वर्षांची लेक. पहिलीपासून शाळेत तिने एक शब्द उच्चारला नव्हता. तहान लागली तरी पाणी मागायची नाही. हेडमास्तर अर्जुनरावांनी तिच्या नावापुढे ‘मंदबुद्धी’ असा शेरा मारला होता आणि आता नावच काढायचं ठरवलं होतं.

“तपासल्याशिवाय असं लिहू नये, सर. मला पंधरा दिवस द्या,” आत्या म्हणाली.

शाळा सुटल्यावर तिने शारदासमोर पेटी उघडली. पेटीतल्या कार्डावरची नक्षी ठोकळ्यांनी जुळवायची, बोलायची गरज नाही. शारदाने एकामागून एक नक्षी जुळवली. अकरा वर्षांची मुलं जिथे अडतात, तीसुद्धा!

मग आत्या त्यांच्या मळ्यात गेली. वांग्यांच्या पलीकडून धाकट्या बहिणीला दम देणारा खणखणीत आवाज येत होता. तो शारदाचा होता. आत्याला पाहताच तो बंद झाला.

“घरी तं हिचं तोंड मिटत नाही, बाई,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “शाळेतच काऊन बोलत नाही? लोक म्हंतात, बाहेरचं हाय. दोनदा अंगारा लावला.”

“बाहेरचं नाही, हट्टही नाही. शाळेत भीतीनं तिचा आवाजच फुटत नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो. पण तुम्हाला रोज शाळेत यावं लागेल.”

“मले? शाळेत?” सत्यभामाबाईंनी क्षणभर लेकीकडे पाहिलं. “येतो.”

ठोकळ्यांचं ऐकून अर्जुनरावांनी नाव काढणं पुढे ढकललं. शाळा भरण्याआधी रोज अर्धा तास मायलेकी रिकाम्या वर्गात बसू लागल्या. पहिले आठ दिवस आत्या आवाराबाहेर थांबली. शारदा आईशी कुजबुजू लागली, तेव्हा आत्या व्हरांड्यात आली, मग दारात, मग वर्गात त्यांच्याकडे पाठ करून वह्या तपासत बसली. ‘बोल’ असं कोणी म्हणायचं नाही, हा तिचा नियम. दीड महिन्याने ती कुजबुज आत्यालाही ऐकू येऊ लागली.

तेवढ्यात तपासणीला एक साहेब आले. शारदा उत्तर देईना, तसे ओरडले, “मुकी आहेस का?” पोरीचा परकर ओला झाला. वर्ग हसला.

आत्या मधे येऊन उभी राहिली. “साहेब, पाय मोडलेल्या मुलाला तुम्ही पळायला लावाल का? हिच्यावर उपचार चालू आहेत. काय विचारायचं ते मला विचारा.”

साहेब तिच्याविरुद्ध लिहून गेले. शारदा पुन्हा गप्प झाली. आत्या पुन्हा आवाराबाहेर जाऊन उभी राहिली. सत्यभामाबाईही भाजीची तोडणी जावेवर टाकून येत राहिल्या.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, भरल्या वर्गात, आत्या फळ्यावर भागाकार करत होती. मागून आवाज आला, “बाई, बाकी दोन उरते.”

आत्याने चुकलेला आकडा पुसला. “बरोबर,” एवढंच म्हणाली. मग विहिरीपाशी जाऊन तिने बराच वेळ डोळ्यांवर पाणी मारलं.

चौथीत शारदाने वर्गापुढे उभं राहून धडा वाचला. अर्जुनरावांनी स्वतःच्या हाताने जुना शेरा खोडला आणि शिक्षकांच्या बैठकीत ‘चूक माझी होती’ असं सांगितलं. मग मेहकरपासूनचे शिक्षक मुलं घेऊन आत्याकडे येऊ लागले. सगळीच सुधारली नाहीत. काहींना तिने स्वतः एसटीने नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला बढती कधी मिळाली नाही. आमच्या घरात मात्र तिच्याइतका मान कोणालाच नव्हता.

तिच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात शारदा बोलली, छान बोलली. नंतर सत्यभामाबाई उठल्या.

“पोरीले बाईनं बरं केलं, हे तं सगळे सांगतात,” त्या म्हणाल्या. “पण पोरीसंगं मी रोज त्या वर्गात बसो. भिंतीवरचे तक्ते पाहून पाहून मी बी अक्षरं शिकलो. आता पेपर वाचतो.”

हे आत्यालाही माहीत नव्हतं.