परत ठेवलेली मूठ

वर्गात माझं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते त्या पिशवीनं. पिशवीत सहा लाल आणि चार काळे चेंडू आहेत, न बघता दोन काढले, तर दोन्ही लाल असण्याची शक्यता किती. पंचवीस वर्षं हेच शिकवत आले. असली पिशवी मी कुणाच्या घरी पाहिली नाही, आणि असेल तर त्या घरात कुणी न बघता हात घालत बसत असेल असं वाटत नाही. पण अभ्यासक्रमात आहे म्हणजे आहे. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात बी.कॉम.ची पोरं सांख्यिकीच्या पेपरला येतात तीच मुळात नाक मुरडत. मी परीक्षेत सहाचे सात चेंडू केले, तरी निम्म्या पोरांचं उत्तर गाईडमधल्या सहा चेंडूंचंच. पाठ केलं ना. लाल शाई फासायची आणि पुढं जायचं, एवढंच माझ्या हातात.

एक पोरगी मात्र तसली नव्हती, आणि म्हणूनच तिनं मला जास्त जेरीस आणलं. धामणगाव रेल्वेची. तिचे वडील धान्याचे अडते, शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला दाखवून विकून देणारे. पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, बाकी सगळे पेपर पहिल्या झटक्यात सुटलेले. सांख्यिकी तेवढी राहिली. अकोल्याला बी.एड.साठी तिचा नंबर लागला होता, पण शेवटच्या वर्षाची पास झाल्याची गुणपत्रिका दाखवली तरच जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्याची. घरातली पहिली मास्तरीण व्हायचं तिनं शाळेपासून ठरवलेलं. माझं माहेर अकोल्याचं. तिथली खोली बघून देते, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते.

म्हणून दर रविवारी ती गाडीनं बडनेऱ्याला उतरायची, तिथून ऑटोनं माझ्या घरी. मी गणित घालायची, ती मान खाली घालून सोडवायची आणि उत्तर लिहायची, नऊ छेद पंचवीस. बरोबर उत्तर एक छेद तीन. दर वेळी.

"पहिला चेंडू बाहेर काढला ना? मग दुसऱ्या वेळी पिशवीत किती राहिले?"

"दहा."

"दहा कसे? एक काढला ना आत्ता?"

"हो मॅडम. पाहिला अन् टाकला परत."

"गणितात लिहिलंय, परत न ठेवता. वाच."

ती वाचायची. "हो, लिवलं हाय," म्हणायची, आणि पुढच्या गणितात पुन्हा चेंडू पिशवीत. पाच रविवार हा तमाशा चालला. आमच्या घरी सगळेच तापट, मी त्यातली मोठी. पाचव्या रविवारी मी पेन टेबलावर आपटला. "तुला कुणी सांगितलं गं चेंडू परत ठेवायला?"

तिनं पेन उचलून माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "अब्बानं. लहानपणापासून. कोनाच्याई पोत्यातून मूठ काढली, की पाहायची अन् त्याच पोत्यात परत टाकायची. नाई टाकली तर अब्बा लई रागावतात. पिशवी म्हटली का माहा हातच तसा जातो."

मी कपाळाला हात लावला. अडतीवर जाऊन बसणारी पोर, आणि आम्ही तिला चेंडूंची पिशवी दाखवत होतो. राग आला, पण नेमका कुणाचा आला ते मला सांगता येईना.

पुढच्या रविवारी मीच धामणगावला गेले. अडत बंद होती, पण वडिलांनी माझ्यासाठी शटर अर्धं उघडून ठेवलं होतं. आत तुरीची पोती रचलेली, पोरगी त्यांना टेकून उभी. त्यांनी आधी चहा मागवला, मग खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, "भाऊ, एका पोत्यातून मूठ काढा आणि परत टाकू नका. तिला दाखवायचंय."

त्यांनी मूठ काढली, तळहातावर तूर पसरली, एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि माझ्या डोळ्यांदेखत मूठ परत पोत्यात सोडली. "कावून मॅडम?" ते शांतपणे म्हणाले. "माल शेतकऱ्याचा हाय. तो समोर उभा राहते, नाई राहत, पन माल त्याचा. दिवसातून वीस जन मूठ काढतात. वीसई जनांनी घरी नेली तर त्याचं काय राह्यलं?"

आता या माणसाला मी काय शिकवणार होते? त्यांचं खरं होतं. पण पोरीची परीक्षा दहा दिवसांवर होती आणि मला ते खरं परवडत नव्हतं.

मग मी मुठीचा नाद सोडला आणि पोत्यांकडे वळले. "बघ. दहा पोती. सहा कोरडी, चार ओली. कोणतं कसलं, तुला ठाऊक नाही. एक पोतं उघडलं, पाहिलं आणि हमालानं उचलून पलीकडच्या भिंतीला लावलं. आता इथं किती?"

"नऊ," ती लगेच म्हणाली.

"पहिलं कोरडं निघालं असेल तर उरलेली कोरडी?"

"पाच." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "असं होय. मंग हे पैलेच सांगाचं ना मॅडम. पाच रविवार कायले चेंडू खेळत बसलो आपन?"

मला हसूही आलं आणि चीडही. वडील चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "पोरगी ऐकनारी हाय मॅडम. तुमी जे सांगसान तेच करीन." मी ते कौतुकच समजले.

आणि मग मी हात धुऊन तिच्या मागे लागले. रोज फोनवर गणितं पाठवली, सगळी परत न ठेवण्याची. एकही ठेवण्याचं नाही, कारण ते तर तिला येतच होतं. "चेंडू परत ठेवशील तर याद राख," असं मी रोज बजावत होते. तिची सगळी उत्तरं बरोबर येत होती. मी अकोल्याच्या भावजयीला खोली बघायलाही सांगितलं.

परीक्षा झाली त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मॅडम, चेंडूचंच गणित आलं. पाच लाल, तीन काळे. मी परत नाई ठेवला. पाच छेद चौदा आलं."

"पेपरचा फोटो पाठव," मी म्हटलं.

फोटो आला. मी चष्मा लावून वाचला. मग काढून, पुसून पुन्हा वाचला. पहिला चेंडू पाहून पिशवीत परत ठेवला आणि मग दुसरा काढला, असं स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं. म्हणजे बरोबर उत्तर पंचवीस छेद चौसष्ट. माझ्याकडे आली नसती, तर हे गणित तिनं झोपेतही बरोबर सोडवलं असतं. मी तिला म्हटलं, छान, आराम कर. त्याहून जास्त बोलायची माझी हिंमत झाली नाही.

निकाल लागला तेव्हा ग्रेसचे धरूनही दोन मार्क कमी पडले. ते गणित पाच मार्कांचं होतं. फेरतपासणी झाली, मार्क तितकेच राहिले. अकोल्याची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. भावजयीनं खोलीचं विचारलं, तर मी तिच्यावरच खेकसले, तिचा काही संबंध नसताना.

मी धामणगावला फोन करून वडिलांना सगळं सांगितलं. तिला येत होतं, मी बिघडवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी बी तिच्यासाठीच केलं मॅडम. पन वर्स गेलं तिचं." ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी भांडून तरी मोकळी झाले असते.

मला वाटलं, आता ती काही यायची नाही. पण पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळी दारात उभी. चप्पल काढली, टेबलाशी बसली, वही उघडली. मी सवयीनं गणित पुढं सरकवलं आणि सवयीनंच तोंड उघडलं, "हे बघ, यात चेंडू..."

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात. "मी आधी दोन खेपा वाचतो. तुमी मधात बोलू नका."

तिनं ओळीवर बोट ठेवून पहिल्यांदा वाचलं. मग दुसऱ्यांदा. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसले.