मातीची झाकणं

दाजी सामंतांनी मथुरेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते बाटल्या पुसताना. १९५८चा ऑक्टोबर होता. मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या एका लहान दवाखान्यात दाजी रोग्यांचे नमुने तपासणारे तपासनीस म्हणून नुकतेच रुजू झाले होते. मागच्या पडवीत एक तिशीची बाई धुतलेल्या बाटल्या एकेक करून झटकत होती, फडक्याचा पीळ आत घालून पुसत होती आणि उभ्या मांडून ठेवत होती. पालथ्या घातल्या असत्या तर आपोआप निथळल्या असत्या. दाजींना हे खटकलं, पण नव्या जागी पहिल्याच दिवशी कशाला बोला, म्हणून ते गप्प राहिले.

ही मथुरा, देवबागची. नवरा बाबली मासेमारी करायचा. ती रोज पहाटे निघून दवाखान्यात यायची, झाडलोट करायची, बाटल्या धुवायची. जंतू वाढवायच्या उबवणी पेटीखालचा रॉकेलचा दिवाही सकाळ-संध्याकाळ तीच भरायची.

दाजी मूळचे कसालचे. एका जागी बसणं त्यांच्या पायांना माहीतच नव्हतं. सूक्ष्मदर्शकातून पाहतानाही त्यांची एक टाच हलत असे. दिवाळीनंतर बाजारात मुदतीच्या तापाचे, म्हणजे टायफॉइडचे, नऊ रोगी निघाले, तेव्हा तर त्यांची झोपच उडाली. नऊपैकी सात जण यमुनाबाईंच्या खाणावळीत जेवणारे होते. स्वच्छता निरीक्षकांनी खाणावळीला कुलूप लावलं. यमुनाबाई स्वतः ठणठणीत होत्या, पण ठणठणीत माणसाच्या पोटातही या तापाचे जंतू वर्षानुवर्षं राहू शकतात. डॉक्टर म्हणाले, "बाईंच्या शौचाचा नमुना आपण इथेच वाढवून बघू."

दाजींनी माध्यम शिजवून काचेच्या चपट्या बशांत ओतलं. थिजल्यावर ते लालसर खरवसासारखं दिसे. तारेच्या कडीने त्यावर नमुना रेघारेघांनी पसरायचा आणि बशी पेटीत रात्रभर उबेला ठेवायची. सकाळी जंतूंच्या वसाहती टिपक्यांसारख्या उगवतात. आतड्यातल्या नेहमीच्या जंतूंचे टिपके गुलाबी, तापाच्या जंतूंचे फिके, जवळजवळ पाण्याच्या रंगाचे. मात्र टिपके सुटे उगवले तरच ते ओळखता येतात. म्हणून बशी पालथी ठेवायची. नाहीतर झाकणावर वाफेचं पाणी जमतं, टपकतं आणि सगळं एकमेकांत वाहून जातं.

गुरुवारी सकाळी बशी उघडली, तर आत नुसता चिखल. गुलाबी कुठे, फिकं कुठे, काही कळेना.

"दाजी, ही काय रांगोळी काढलीत?" डॉक्टर म्हणाले.

शुक्रवारीही तेच. दाजींनी दिव्याची वात तपासली, माध्यमाचं वजन पुन्हा केलं. पडवीत त्यांच्या इतक्या फेऱ्या झाल्या की औषधाला आलेली माणसं पाय आखडून बसू लागली. आपण बशा पालथ्या ठेवल्या होत्या ना, असं ते स्वतःलाच विचारत. सकाळी तर त्या पालथ्याच असत.

त्यात यमुनाबाई. रोज अकरा वाजता, पानं वाढायच्या वेळेला, त्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसत. घरी बसवत नव्हतं.

"दाजी, तुज्या पेटयेत कोंबडी बसली आसा काय रे? दोन दिस झाले, पिल्लू काय येना नाय!"

बाक हसला. दाजींना हसू आलं नाही. ते स्वतः त्याच खाणावळीत जेवत. निरीक्षक बजावून गेले होते, "सोमवारी दुपारपर्यंत उत्तर हवं. नाहीतर परवाना रद्द." मथुरा मात्र खालमानेने फरशी पुसत होती. तिची दुपारची पेज यमुनाबाईच देत आल्या होत्या.

शनिवारी दाजी उजाडताच दवाखान्यात आले. पेटीचं दार उघडं होतं. मथुरा आतल्या बशा एकेक करून उलटत होती. रात्रभर त्या उताण्या होत्या; ती आता त्या पालथ्या करत होती.

"मथुरे!"

तिने दचकून हात मागे घेतला.

"गे बाय, तीन दिवस मी वेडा व्हायचा बाकी राहिलोय! बशांना हात कुणी लावायला सांगितला?"

मथुरेने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बाबली दर्यार आसा, दाजीनू. बांगड्याच्या मागार देवगडाकडे गेलो. होडी दर्यार आसताना आमच्यात भांडा पालथा घालनत नाय. रातभर त्यो बशयो पालथ्यो... माझो डोळो लागना नाय."

"आणि सकाळी?"

"सकाळी होडी नांगरार येता. मगे तुमका होयो तश्यो करून ठेवतंय."

दाजी संतापाने खोलीत दोनदा गोल फिरले. "तुझ्या त्या बाहेर बसणाऱ्या यमुनाबाईंची चूल कशामुळे बंद आहे, ठाऊक आहे? झाकणाचं पाणी खाली पडतं म्हणून!"

हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा उतरला. तिने झाकण उचलून आतले थेंब पाहिले, बोटाने पुसले आणि बाहेर पडली. गेली ही नोकरी सोडून, असं दाजींना वाटलं. आपण जास्त बोललो, हेही वाटलं.

तासाभराने ती परत आली. पदरात कुंभाराकडची सहा लहान झाकणं होती, कोरी, लाल मातीची.

"ही घालून बघा. आमी भाताच्या मडक्यार ठेवतो. माती वाफ पिता. पाणी खाली पडना नाय."

दाजींनी एक झाकण बशीवर ठेवून पाहिलं. काठ नीट बसला. मग त्यांनी ती सगळी झाकणं भट्टीत चांगली भाजून जंतुरहित केली, नवा नमुना पसरला आणि बशा पेटीत ठेवल्या. उताण्या. दोघंही पेटीकडे बघत उभी राहिली.

रविवारी सकाळी टिपके सुटे होते, पेरल्यासारखे. बहुतेक गुलाबी. पण त्यांच्यात चार फिके.

दाजींचे पाय पहिल्यांदाच जागच्या जागी थांबले. मथुरेने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "आसा काय, दाजीनू?"

"अजून सांगता येत नाही. दुसरेही काही जंतू असेच फिके दिसतात." त्यांनी एक फिका टिपका कडीवर घेतला आणि साध्या माध्यमाच्या बशीत, जिथे पसरणाऱ्या जंतूला आडकाठी नसते, मधोमध टेकवला. "तापाचा असेल, तर जागेवर राहील."

त्या दिवशी दाजी जेवायलाही बसले नाहीत. समुद्रापर्यंत गेले आणि लगेच परतले.

सोमवारी बशी मथुरेने आधी पाहिली. दाजी पायरी चढतात न चढतात तोच ती म्हणाली, "ह्यो जाग्यार रवलो नाय. भरती चढल्यासारखो गेलो."

खरंच, मधल्या ठिपक्यापासून काठापर्यंत लाटेवर लाट पसरली होती, वर्तुळात वर्तुळ. तापाचा जंतू असा कधी पसरत नाही. हा कुजक्या पदार्थांत सापडणारा दुसराच होता. दाजींनी बशी डॉक्टरांना दाखवली आणि डॉक्टरांनी निरीक्षकांना. दुपारी कुलूप निघालं. पुढचे दोन नमुनेही स्वच्छ आले. तापाचं मूळ शेवटी बाजारातल्या एका उघड्या विहिरीत सापडलं.

कुलूप निघाल्यावर यमुनाबाई बाकावरून उठल्या. "चल गो मथुरे, चूल पेटवूक हात लाव. आणि दाजी, तू कोंबडेक सांग, बरा पिल्लू काढलंस म्हणान!"

मंगळवारी बाबली बांगडे घेऊन परतला. त्यातले चार दाजींच्या टेबलावर पानात बांधून ठेवलेले होते.

मथुरा त्या दवाखान्यात आणखी सव्वीस वर्षं राहिली. सही करण्यापुरतं लिहायला शिकली. दाजी बदलून गेल्यावर आलेल्या तरुण तपासनिसांना ती बशी उजेडाकडे धरून "ह्यो फिको, ह्येका वेगळो काढा" म्हणून सांगायची, आणि सहसा तिचं चुकत नसे. मातीची झाकणं विजेवरची नवी पेटी येईपर्यंत वापरात होती.

आता ती देवबागला लेकीकडे असते. एका डोळ्याने दिसत नाही. मासे मात्र अजून स्वतःच साफ करते.